चार्ज देणे-घेणे

वर्ध्यात असताना मी तीन खोल्या बदलल्या. पहिल्या घरमालकाला अंडं चालत नव्हतं. दुसऱ्याला पाहुणा चालत नव्हता. तिसरे बोरगाव मेघेतले काका. त्यांना अंडं चालत होतं, पाहुणा चालत होता, पाहुण्याने अंडं खाल्लेलंही चालत होतं. फक्त भाडेकरूने आपल्या खोलीत मोबाईल चार्ज केलेला चालत नव्हता.

भाडेकराराच्या शेवटी ही अट त्यांनी स्वतः बॉलपेनने लिहिली होती : 'मोबाईलचे चार्जिंग खाली, मालकाच्या देखरेखीखाली होईल.' मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी असावी. तसं बोलून दाखवल्यावर काका दुखावले.

"बिलाचा प्रश्न नाई सर. देखरेखीचा प्रश्न हाय. वर कोन पाह्यते?"

"वर मी असतो की."

"तुमी झोपता," काका म्हणाले.

मी झोपतो हे खरंच होतं, त्यामुळे सही केली.

काका विजेच्या खात्यातून रिटायर झालेले. देवळीकडच्या एका सबस्टेशनात त्यांनी उभी नोकरी बॅटरी रूममध्ये काढली. जिथे विजेचा पूर येतो तिथे बॅटरीचं काय काम, असं मी एकदा विचारून बसलो आणि दीड तास तिथेच बसलो. लाईनीवर बिघाड झाला की मोठाले स्विच पाडायला वीज लागते, आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असू शकते. म्हणून पंचावन्न बरण्या ॲसिडच्या, लोणच्याच्या बरण्यांसारख्या ओळीने मांडलेल्या, कायम भरलेल्या. त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायची, आणि दर तासाला मोजमाप घेऊन रजिस्टरमध्ये सही करायची. पंचावन्न बरण्या दर तासाला मोजणं शक्य नसतं, म्हणून त्यातली एक निवडतात. तिला म्हणतात पायलट सेल. तिची तब्येत ती सगळ्यांची तब्येत.

खात्याने काकांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं, पण दर तासाला सही करायची सवय काढून घेतली नाही. तशात घरोघरी मोबाईल आले. म्हणजे चार्ज होणारी बॅटरी, तीही उशाशी, ना रजिस्टर ना सही, आणि ड्युटीवरचा माणूस घोरत पडलेला. काकांच्या मते देश याच्यावर चालला होता हे आश्चर्य होतं.

वर आम्ही तिघं भाडेकरू : मी, एक बँकेतले कारकून आणि सावंगीच्या दवाखान्यात नोकरी करणारी एक सिस्टर. खाली काका आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत भिंतीला प्लायवूडचा बोर्ड ठोकलेला, त्याच्यावर सहा सॉकेट, आणि प्रत्येकाखाली फोन उभा राहील एवढा लाकडी खण. खणांवर तेलरंगाने आकडे. संध्याकाळी सहाला आम्ही फोन घेऊन खाली यायचं, काका ते एकेक करून घेणार, हात लांब करून, उंदीर शेपटीने धरावा तसे अंगापासून दूर धरून खणात ठेवणार. मग समोर खुर्ची टाकून आठपर्यंत बसणार. मध्येमध्ये उठून हाताच्या मागच्या बाजूने प्रत्येक फोनची पाठ चाचपणार, आणि रजिस्टरमध्ये लिहिणार : थंड, कोमट, गरम. शेवटच्या रकान्यात शेरा. माझ्या नावासमोर एकदा शेरा होता, 'येतानाच कोमट. कॉलेजात पिक्चर पाहिला असावा.' तो मी पाहिला होता.

फोन अंगापासून एवढा लांब का धरतात, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुजाऱ्याचा ताठा असतो तसा हा ऑपरेटरचा ताठा असेल, असं मी धरून चाललो.

खोलीची खिडकी चार्जिंगच्या वेळी उघडी पाहिजे, डिसेंबरातसुद्धा. बॅटरी चार्ज होताना गॅस सुटतो, आणि गॅस सुटतो तिथे ज्योत चालत नाही. फोनमधून गॅस सुटत नाही, असं मी सांगितलं. "तुमी हुंगून पाह्यलं का?" काकांनी विचारलं. मी हुंगून पाहिलेलं नव्हतं. त्या खोलीत पूर्वी काकूंचं देवघर होतं आणि देवापुढे समई. ती समई देवासकट स्वयंपाकघरात गेली. काकू आमच्यादेखत म्हणाल्या, "देवाले उठवलं अन् मोबाईल बसवले. आता आरती बी त्याईचीच म्हना."

काकूंचा स्वतःचा खण पाचवा. तो कायम रिकामा असे, कारण काकूंचा फोन कधी सापडतच नसे. सापडला तर तांदळाच्या डब्यात नाहीतर उशीच्या अभ्र्यात सापडे, आणि त्याच्यात तीन टक्के बॅटरी असे. आख्ख्या बोरगावाच्या बॅटऱ्यांची चिंता वाहणाऱ्या माणसाच्या बायकोचा फोन तीन टक्क्यांवर. "मले कोन फोन करते?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पण विषयातलं थोडंफार कळतं असा माझा समज होता, आणि काकांनी मला पायलट सेल नेमल्यामुळे तो वाढला होता. खण क्रमांक एक माझा. माझ्या फोनवरून ते बाकीच्यांचं अनुमान काढत. म्हणून एके संध्याकाळी मी त्यांना नीट समजावून सांगायला बसलो.

"काका, फोनमध्ये एक चिप असते. बॅटरी किती भरली, किती तापली, सगळं ती बघते. भरली की करंट तीच बंद करते. माणूस लागतच नाही."

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चिप सही कुठी करते?"

"सही कशाला?"

"उद्या काई झालं तर कोनाले धराचं?"

याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मला जास्त लागलं ते पुढचं. काकांचा नियम असा, की ऐंशीला फोन काढायचा. हा नियम त्यांना खात्याने शिकवला नव्हता. ॲसिडच्या बरण्यांना पूर्ण भरलेलंच आवडतं. मी विचारलं, ऐंशी कुठून आणलं? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. वीसपासून ऐंशीपर्यंत जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच ऐंशीपासून शंभरपर्यंत लागतो, आणि शेवटी पाठ कोमट राहते. पन्नासेक नोंदी होत्या. आधी करंट ठरलेला, मग व्होल्टेज ठरलेलं आणि करंट हळूहळू उतरत जाणारा, असे दोन आलेख मी दर वर्षी फळ्यावर काढत होतो. तेच या माणसाने भिंतीवरचं घड्याळ आणि हाताची मागची बाजू एवढ्या साधनांवर शोधून काढलं होतं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला.

"ऐंशीपर्यंत फोन भुकेनं खाते," काका म्हणाले. "त्याच्यानंतर आग्रहानं खाते. आग्रहाचं अंगी लागत नाई."

दुसरा नियम वीसचा. वीसच्या खाली बॅटरी नेणं म्हणजे काकांच्या लेखी खून. बँकेतले कारकून रोज आठ-नऊ टक्क्यांवर घरी येत. पहिल्या वेळी रजिस्टरमध्ये 'समज दिली'. दुसऱ्या वेळी 'सक्त समज दिली'. तिसऱ्या वेळी 'लेखी खुलासा मागवला', आणि कारकुनांनी तो दिला, अर्ध्या पानाचा, 'महोदय' करून. नोकरीत मुरलेला माणूस खुलासा मागितला की देतो, कुणी मागितला ते बघत नाही.

काका चुकत नसत असं कुणी समजू नये. पावसाळ्याच्या तोंडावर टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायचा खात्याचा रिवाज. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस काकांनी आगकाडीच्या टोकाने आमच्या सगळ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकांत जेली भरली, प्रेमाने, काठोकाठ, करंजीत सारण भरावं तशी. दुसऱ्या दिवसापासून कुणाची पिन आत बसेना, कुणाची बसली तर चार्ज होईना, आणि त्यात विदर्भातली धूळ जाऊन बसली. काकांनी शेरा लिहिला : 'सर्व सेल निकामी. कारण, टर्मिनल निकृष्ट.' सिस्टरने दवाखान्यातून स्पिरिट आणलं आणि मी आख्खा रविवार टूथपिक घेऊन फोनचे कान कोरत बसलो. काका शेजारी बसून मला टूथपिक कशी धरायची ते सांगत होते.

पुढे मी नवीन फोन घेतला. त्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं होतं, बॅटरी जास्त टिकावी म्हणून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायचं का. मी ते काकांना मुद्दाम नेऊन दाखवलं. आता तरी खुर्ची सुटेल अशी आशा होती. काकांनी फोन हातभर लांब धरून दोनदा वाचलं.

"म्हनजे कंपनीले बी समजलं," ते म्हणाले. "उशिरा समजलं, पन समजलं." आणि सहाला खुर्ची टाकून बसले.

त्यानंतर महिनाभराने एका दुपारी काकू जिना चढून माझ्या खोलीत आल्या. दोन वर्षांत त्या कधी वर आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"सर, त्याईच्या छातीत मशीन हाय. तुमाले माईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ड्युटीवर असताना काका बॅटरी रूममध्ये कोसळले होते. हृदय मधेच ठोका विसरत होतं. सावंगीला त्यांना पेसमेकर बसवला, डाव्या खांद्याखाली. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, मोबाईल त्या जागेपासून वीतभर लांब ठेवायचा. काकांनी वीतभराचं हातभर केलं. उंदीर शेपटीने धरल्यासारखा, असं मी ज्याला दोन वर्षं हसत होतो, ते हे होतं.

"त्याची ब्याटरी संपत आली," काकू म्हणाल्या. "तपासनीले गेलतो तवा डॉक्टर म्हने, तीन महिन्याच्या आत बदलून टाका. अडीच झाले. हे म्हनते, चालू ब्याटरी काढत नसते. म्या सांगून थकली. तुमचं ऐकन, तुमी पायलट हा ना."

त्या रडल्या नाहीत. पदराने दाराच्या कडीवरची धूळ पुसली आणि खाली गेल्या. मी खाटेवर बसून राहिलो. ज्या माणसाच्या सह्यांची मी कॉलेजात नक्कल करून दाखवत असे, तो पंधरा दिवसांत मरू शकत होता. मला भीती वाटली, आणि त्या नकलेची लाजही वाटली.

संध्याकाळी फोन खणात गेल्यावर मी स्टूल ओढून काकांजवळ बसलो.

"काका, रजिस्टरमध्ये वीसच्या खाली गेलं की काय लिहिता?"

"समज."

"मग तुमची किती आहे सध्या?"

काका स्वयंपाकघराकडे बघायला लागले. काकूंनी आतून भांडी वाजवली, गरज नसताना.

"चालू ब्याटरी काढाची तर ते निकामी झाली असा कंडम रिपोर्ट लागते," काका म्हणाले. "म्या डॉक्टरले मांगितला. थो हसला."

"काका, त्या बॅटरीला बाहेरून चार्ज करता येत नाही. ती फक्त उतरते. ती संपायची वाट बघायची नसते."

"मले ब्याटरी शिकवू नका सर." आवाज चढला नव्हता. बराच वेळ ते हाताच्या मागच्या बाजूने स्वतःच्या खांद्याखाली चाचपत होते. मग म्हणाले, "आमी पंचावन बरन्या बदलल्या तवा आधी दुसऱ्या पंचावन आनून जोडल्या, मंग जुन्या काढल्या. एक सेकंद लाईन उघडी नाई ठेवली. हे लोकं जुनं काढन, मंग नवं लावन. त्याच्या मधात कोन?"

काकांना ऑपरेशनची भीती नव्हती, सुरीची नव्हती. त्यांना त्या मधल्या मिनिटाची भीती होती, ज्या मिनिटाला ड्युटीवर कुणीच नाही. सहा वर्षं बॅटरी शिकवून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर दारात उभं होतं. सिस्टर ड्युटीवरून आली होती, फोन हातात घेऊन.

"काका, मधात रिकामं नाही ठेवत," ती म्हणाली. "ज्यांचं हृदय त्या मशीनवरच चालतं, त्यांना आधी तात्पुरतं मशीन जोडतात. ते चालू झालं की मग जुनं काढतात."

काका खुर्चीत ताठ झाले. "स्टँडबाय?"

"हो, स्टँडबायच."

"मंग हे डॉक्टरनं काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

काकांनी कंडम रिपोर्ट मागितला होता, बाकी काही विचारलं नव्हतं. मग सिस्टरचा फोन हात लांब करून घेतला, पाहिला आणि म्हणाले, "चौदा. समज देतो." आणि तशी नोंद केली. आतली भांडी वाजायची थांबली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकांनी मला रीतसर चार्ज दिला. सरकारी नोकरीत बदली झाली की माणूस खुर्ची सोडताना चार्ज देतो, घेणारा यादीवर सही करून चार्ज घेतो. काकांनी कार्बन घालून दोन प्रती केल्या होत्या. मी सरकारी रिवाजाप्रमाणे न वाचता सही केली. माझी प्रत घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. काकू बाकावर बसल्या होत्या, मी शेजारी. करायला काही नव्हतं म्हणून खिशातला कागद काढला.

'१. बोर्ड लाकडी, एक. २. सॉकेट सहा, पैकी चालू पाच. ३. रजिस्टर चार, पैकी भरलेली तीन. ४. पेट्रोलियम जेली, अर्धा डबा. वापरू नये. ५. खिडकी, एक. उघडी ठेवावी. ६. भाडेकरू तीन, पैकी पायलट एक.'

'वापरू नये' वाचून मला हसू आलं. चुकीची कबुली म्हणून काकांनी आयुष्यात लिहिलेले तेवढेच दोन शब्द असावेत. मग सातवा आयटम वाचला.

'७. सौ., एक. मोबाईल कायम तीन टक्क्यांवर असतो. सांगून ऐकत नाही. दुसरे कोणी नाही. लक्ष ठेवावे.'

खाली माझी सही होती, तारखेसह.

"काय लिवलं हाय त्याच्यात?" काकूंनी विचारलं.

"बोर्डाचं आहे," मी म्हणालो, आणि कागद पुन्हा घडी केला. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून पाणी आणायला गेलो. येताना काकूंचा फोन मागून घेतला आणि दवाखान्याच्या भिंतीतल्या सॉकेटला लावला. दोन टक्के होते. मी तिथेच उभा राहिलो. झोपलो नाही.

काका नीट परत आले. जुनं मशीन सांभाळायला मागितलं म्हणे, डॉक्टरांनी दिलं नाही. "नऊ वर्षं चालली," ते भेटायला येईल त्याला सांगत. "ना पानी, ना चार्जिंग, ना मानूस. आमच्या रूममधी असती तर तिले प्रमोशन दिलं असतं." डावा हात वर करायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून उजव्या हाताने घरी आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी यादी समोर ओढली. चार्ज परत घ्यायचा होता. बोर्ड, बरोबर. सॉकेट, बरोबर. रजिस्टर उघडून माझ्या आठवडाभराच्या नोंदी तपासल्या आणि एका ठिकाणी 'कोमट' खोडून 'थंड' केलं, त्या दिवशी स्वतः दवाखान्यात असूनही. सहा आयटमवर बरोबरच्या खुणा झाल्या. सातव्यावर पेन थांबलं.

"हे राहू द्या तुमच्याकडं," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही आलात ना आता."

"मी मेन हावो. तुमी स्टँडबाय."

पुढे मला दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी लागली, तीही तासिका तत्त्वावर. माझा फोन रात्रभर उशाशी चार्ज होतो आणि आपला आपण ऐंशीला थांबतो. रविवारी संध्याकाळी सहाला मी काकूंना फोन लावतो. तो बंद असतो. मग काकांना लावतो.

"किती?" मी विचारतो.

पलीकडे डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येतात. बऱ्याच वेळाने काका म्हणतात, "बंद हाय. डाळीत होता."

"लावा मग."

"लावला. तुमच्या सहीची जागा सोडून राह्यलो. याल तवा करजा."

दिवाळीत मी बोरगावला जातो तेव्हा काका रजिस्टर पुढे करतात, आणि मी वर्षभराच्या रविवारांच्या सह्या एका बैठकीत करतो. मागच्या खेपेला काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, एवढं काय लिहून राह्यले सर.

"चार्जचं हाय," काका म्हणाले. "तुले नाई समजनार."